हँडबिलालाही दाखल क्रमांक हवा

कुठल्याही सार्वजनिक ग्रंथालयाची दाखल नोंदवही उघडून बघा. रकाने ठरलेले असतात: दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत, देयक क्रमांक. आता या रकान्यांत सर्कशीचे एक गुलाबी हँडबिल बसवून दाखवा. लेखक नाही, प्रकाशक नाही, वर्ष छापलेले नाही, पान एकच, किंमत फुकट, मग देयक कुठून येणार? त्यामुळे ते नोंदवहीत चढत नाही. जे नोंदवहीत नाही ते ग्रंथालयाचे नाही, आणि जे ग्रंथालयाचे नाही ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते. फाटकी कादंबरी बाद करायची तरी निर्लेखनाचा ठराव लागतो. हँडबिलाच्या नशिबी तेवढाही सोपस्कार नाही.

खान्देशातल्या मोठ्या ग्रंथालयांनी सर्कशीचे आणि जत्रेतल्या करमणुकीचे कागद रीतसर संग्रहात घ्यावेत, आणि अनुदानासाठी ग्रंथालयाचे मोजमाप होते तेव्हा अशा संग्रहालाही वजन मिळावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याच्या आधारे अ, ब, क, ड वर्ग ठरतात ते मुख्यतः ग्रंथसंख्या, वृत्तपत्रे-नियतकालिके, सभासद, कामाचे तास यांवर. बांधणी नसलेल्या कागदाला या हिशेबात जागाच नाही. ग्रंथपालाने वर्षभर खपून चारशे हँडबिले लावली, तरी तपासणीच्या दिवशी त्याची बेरीज शून्य. मग दोष ग्रंथपालाला कशाला द्यायचा?

हे काम खान्देशातच का करायचे, तर सर्कस इथे रेल्वेने येत असे म्हणून. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव ही मुंबईची मुख्य वाट. जळगावहून अमळनेर, नंदुरबार करत सुरतेला जाणारा तापी खोऱ्याचा मार्ग, आणि चाळीसगावहून धुळ्याचा फाटा. पिंजरे, हत्ती, तंबूचे खांब असा बोजा घेऊन फिरणाऱ्या कंपनीला स्टेशन जवळ असणे सोयीचे. त्यात जत्रांची भर: सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आणि घोडेबाजार, अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा, धुळ्याची चैत्रातली एकवीरा देवीची. कपाशी विकून हातात पैसा खेळू लागला की करमणुकीचा हंगाम सुरू.

विष्णुपंत छत्र्यांनी २० मार्च १८८० रोजी मुंबईत ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ केला, इथपर्यंतची गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुढे केरळातल्या तलश्शेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन यांनी शिकवलेल्या कलाकारांवर देशातल्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. पुण्याचे दामू धोत्रे १९४० च्या दशकात अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीच्या रिंगणात वाघ-सिंहांबरोबर उभे राहिले. ही नावे पुस्तकांत मिळतात. कंपन्यांचे स्वतःचे कागद मात्र क्वचितच मिळतात, कारण तंबू विकला गेला की हिशेबाच्या वह्या सांभाळायला कोणी उरत नाही. माग उरतो तो मुक्कामाच्या गावात. नगरपालिकेच्या फायलीत मैदानभाड्याचा अर्ज असतो, पाणीपट्टी-दिवाबत्तीचा आकार असतो. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने करमणूक कर आला, त्याच्या नोंदी असतात. छापखान्याच्या माळ्यावर नमुना प्रती, फोटो स्टुडिओच्या खोक्यात काचेच्या निगेटिव्ह, शाळेच्या दप्तरात विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या खेळाचे पत्र. सुटे पाहिले तर यातले काहीच फारसे बोलत नाही. हँडबिल आणि मैदानभाड्याची पावती शेजारी ठेवली की मुक्काम किती दिवसांचा होता, वाढवला का, गावाला किती मिळाले, हे कळू लागते.

हा शेजार टिकवायचा तर ‘हे सगळे पुण्या-मुंबईला पाठवून द्या’ हा सल्ला कामाचा नाही. अमळनेरचे हँडबिल पुण्यात शंभरातले एक होते. अमळनेरची नगरपालिकेची फाईल त्याच्या मागे पुण्याला जाणार नाही. अमेरिकेत इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीच्या मिलनर ग्रंथालयात सर्कशीचा मोठा विशेष संग्रह आहे. तो तिथे आहे कारण शेजारचे ब्लूमिंग्टन हे झुल्यावरच्या कसरतपटूंचे सरावाचे गाव होते. इंग्लंडात जत्रा आणि सर्कस यांचा राष्ट्रीय संग्रह १९९४ पासून शेफील्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. दोन्हीकडे काम ग्रंथालयाने अंगावर घेतले. आपल्याकडे तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. ज्या इतिहासकाराच्या नावाने ते उभे आहे त्याने गावोगावची दप्तरे धुंडाळली, तेव्हा घरमालकांच्या लेखी तीही रद्दीच होती.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात चिवट प्रश्न वर्षाचा. हँडबिलावर वार आणि तारीख असते, वर्ष नसते, कारण ते चार दिवसांपुरतेच छापलेले. समजा, कागदावर ‘शनिवार, ता. १४ डिसेंबरपासून’ एवढेच आहे. १९३० ते १९७० या काळात १४ डिसेंबरला शनिवार आला तो १९३५, १९४०, १९४६, १९५७, १९६३ आणि १९६८ मध्ये. आता दर पाहायचे. खुर्ची, बाक, गॅलरी, जमीन यांचे दर ‘नवे पैसे’ मध्ये असतील, तर छपाई १ एप्रिल १९५७ च्या पुढची. आणि जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द अधिकृतपणे गळाला. राहिली दोनच वर्षे, १९५७ आणि १९६३. तळाशी छापखान्याच्या पत्त्यात ‘पूर्व खानदेश’ आहे की ‘जि. जळगाव’, ते बघा. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, ती नावे महाराष्ट्र राज्य झाल्यावर बदलली. ‘पूर्व खानदेश’ असेल तर १९५७ कडे झुकायचे, ‘जळगाव’ असेल तर १९६३ कडे.

यातही खाचखळगे आहेत. आणे १९५७ नंतरही लोकांच्या तोंडी आणि काही जाहिरातींत राहिले, म्हणून ‘चार आणे’ दिसले की कागद त्याआधीचा असे धरून चालत नाही. छापखानेवाले जुना पत्ता जुळवून ठेवलेला तसाच वापरत, म्हणून जिल्ह्याचे नाव एकट्याने पुरावा होत नाही. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा कागद, यात मात्र शंका नाही. वाघ-सिंहांच्या खेळाची जाहिरात असेल तर ती बहुतेक नव्वदच्या दशकापर्यंतची. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घालणारी १९९८ ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये उचलून धरली. नोंदीत वर्ष चौकटी कंसात टाकावे, [१९६३?] असे, आणि ते कशावरून काढले ते एका ओळीत लिहावे. पुढच्या माणसाला तुमचा तर्क तपासता आला पाहिजे. नुसते ‘अंदाजे १९६०’ लिहिणारा त्याचे काम दुप्पट करून ठेवतो.

चित्राचा ठसाही बोलतो. आयाळ पिंजारलेल्या सिंहाचा ब्लॉक एकाच छापखान्यात तीन-तीन कंपन्यांच्या हँडबिलांवर वापरलेला सापडतो. ब्लॉकच्या कडेला टवका उडाला की तो पुढच्या प्रत्येक प्रतीवर उमटतो. टवका नसलेली प्रत आधीची, असलेली नंतरची. म्हणून स्कॅन करताना कडा कापू नयेत आणि ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात डाग-टवके पुसू नयेत. मोजपट्टी शेजारी ठेवून चारही कडा दिसतील असे ६०० डीपीआयचे रंगीत टिफ ठेवावे, वाचकाला द्यायला त्यावरून लहान जेपेग.

‘स्कॅन करा आणि मूळ कागद सोडून द्या’ असे सुचवणारे भेटतात. स्कॅनमध्ये कागदाची जाडी कळत नाही, लाकडी टाइपाचा दाब मागच्या बाजूला उमटलेला कळत नाही, आणि तळाची चिकटवलेली पट्टी वेगळ्या कागदाची आहे हेही नीट कळत नाही. ही पट्टी महत्त्वाची. मोठ्या पोस्टरवर सिंह, झुले, विदूषक आधीच छापलेले असत आणि गाव-तारखेची जागा कोरी ठेवून ती मुक्कामाच्या गावी छापायची किंवा पट्टी डकवायची, ही फिरत्या कंपन्यांची सोय. खळीच्या वासाने कसर आधी तीच पट्टी खाते, आणि फ्रेम करणारे चित्र सुबक दिसावे म्हणून नेमका तोच भाग कापून टाकतात. पट्टी गेली की खान्देशाचा पुरावा गेला. उरते ते कुठेही टांगता येईल असे सिंहाचे चित्र.

घडी घातलेले डबल क्राउन पोस्टर, म्हणजे २० बाय ३० इंचाचे, उलगडायचे कसे हे एकदा सविस्तर पाहू, कारण सर्वाधिक नुकसान याच पायरीवर होते. हाताने घडी उघडली की घडीवरच तडकते. आधी मऊ ब्रशने, मधून कडेकडे, धूळ काढायची. फडक्याने पुसायचे नाही, त्याने धूळ तंतूंत शिरते. मग शाईची परीक्षा: कोपऱ्यात प्रत्येक रंगावर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याचा बारीकसा थेंब ठेवून अर्ध्या मिनिटाने टीपकागद दाबायचा. गुलाबी आणि जांभळे रंग हमखास सुटतात. रंग उतरला तर तिथेच थांबायचे, ओलाव्याचे काम पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेवर सोडायचे. रंग पक्का असेल तर झाकणाचे मोठे प्लास्टिकचे टब घ्यायचे, तळाला ओला करून पिळलेला टॉवेल, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर घडीसकट पोस्टर. कागदाला पाणी लागू द्यायचे नाही, फक्त दमट हवा. झाकणाच्या आतून टीपकागद चिकटवायचा, नाहीतर साचलेला थेंब नेमका सिंहाच्या तोंडावर पडतो. हवा कोरडी असेल तर तीन-चार तास लागतात, दमट असेल तर तासाभरात कागद नरमतो. दर अर्ध्या तासाने बघायचे. रात्रभर टबात ठेवून घरी जाणाऱ्याच्या पोस्टरवर बुरशी वाट बघत असते.

नरमला की न विणलेल्या पॉलिएस्टर कापडाच्या दोन थरांत, वर-खाली टीपकागद, वर प्लायची फळी आणि सारखे वजन. तासाभराने टीपकागद बदलायचे, मग दुसऱ्या दिवशी, आणि दोन-तीन दिवस दाबाखालीच ठेवायचे. घाईने काढले तर कडा पापडासारख्या वळतात. फाटलेल्या जागी मागून जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी लावायची. ती कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड पुढून दिसत नाही.

खळीबद्दल बाइंडरांशी वाद होतो. खळ लागते ती गव्हाच्या शुद्ध स्टार्चची. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे सतत ढवळून, गाळून. मैदा चालत नाही, त्यातला चिकट भाग कडक होतो आणि किड्यांना बोलावतो. कुरडयांसाठी काढलेला चीक स्टार्चच असला तरी तीन दिवस भिजवून आंबलेला असतो, आणि आंबट खळ कागदाला घातकच. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. कीड लागत नाही हे खरे, पण तांब्याचा क्षार कागदाचे ऑक्सिडीकरण, म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन, आतल्या आत चालू ठेवतो. काही वर्षांनी जोडाच्या रेषेत कागद तपकिरी होऊन तुटतो. सेलोटेपचे तर बोलायलाच नको. लॅमिनेशनही तसेच: कागद उष्णतेने प्लास्टिकला कायमचा जडतो, परत निघत नाही. काही ग्रंथालयांत ‘आम्ही सगळे लॅमिनेट करून ठेवले’ असे अभिमानाने सांगतात, तेव्हा काय बोलावे कळत नाही. हवे ते पॉलिएस्टरचे पाकीट, दोन कडा उघड्या, मागे अल्कधर्मी कागद. बाजारातल्या मऊ पीव्हीसी फोल्डरला शाई चिकटून येते.

खान्देशाची हवा हा वेगळाच विषय. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, दुपारची आर्द्रता पार खाली येते, कागद कडकडीत होतो. पावसाळ्यात तीच आर्द्रता ऐंशीच्या वर. पुस्तकातला आदर्श ४५ ते ५५ टक्के आणि विशीच्या आसपासचे तापमान इथे वर्षभर पेलणारे ग्रंथालय नाही, आणि त्यासाठी रडत बसण्यातही अर्थ नाही. चढउतार रोखणे जमते. संग्रहाची खोली पत्र्याखाली नको, तळमजल्यावर नको, पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, कागद खोक्यात, खोके कपाटात: प्रत्येक आवरण बाहेरची हवा आत पोचायला उशीर करते. डेझर्ट कूलरचा झोत असलेल्या खोलीत हा संग्रह अजिबात ठेवू नये. कूलर दुपारी ओली हवा फेकतो, संध्याकाळी बंद होतो, आणि कागद रोज एकदा फुगून एकदा आकसतो. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक लावून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिला, तर वर्षभरात खोलीचा स्वभाव कळतो. डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला दोन्ही बाहेर. पाला डाग पाडतो, गोळ्यांची वाफ वाचकाला बाधते. कसर लागलेले खोके हवाबंद पिशवीत घालून उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवले की किडे मरतात, मात्र मध्ये वीज गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. काचेच्या निगेटिव्ह आणि फोटो फ्रीझरमध्ये घालायचे नाहीत.

काय घ्यायचे नाही हेही ठरवून ठेवावे. ग्रंथालय म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. तंबूचे कापड, खांब, मोटारसायकलचे यंत्र यांची मापे आणि फोटो घ्यावेत, वस्तू घेऊ नये. कपड्यांत एखाद-दुसरा झगा घ्यायला हरकत नाही, पण तो टांगायचा नाही: टिकल्यांचे वजनच खांद्याची शिवण फाडते. धुतलेल्या मांजरपाटावर आडवा ठेवायचा आणि ओल्या फडक्याने पुसायचा नाही, कारण जुन्या टिकल्या जिलेटिनच्या असू शकतात आणि पाण्याने विरघळतात. वाघाचे कातडे, नखे, हस्तिदंती मूठ कोणी ‘ग्रंथालयाला भेट’ म्हणून आणली तर हात जोडून परत पाठवावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशी वस्तू बाळगणे हाच प्रश्न आहे, आणि देणगीपत्राने तो सुटत नाही. देणाऱ्याला वनखात्याचा रस्ता दाखवावा.

‘ज्या धंद्यात जनावरांचे आणि पोरांचे हाल झाले त्याचे कौतुक कशाला?’ असा आक्षेप येतो. आक्षेप गंभीर आहे, पण संग्रह म्हणजे कौतुक हे गृहीतक चुकीचे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सांगितले. त्याआधीची परिस्थिती कशी होती हे उद्या कोणाला अभ्यासायचे असेल, तर करारपत्रे, पगाराच्या याद्या आणि ‘आठ वर्षांची झुलेवाली’ अशी जाहिरात करणारी हँडबिलेच लागतील. ती जाळून टाकली तर फायदा हाल करणाऱ्यांचाच. सावधगिरी नावांबाबत घ्यावी. करारात मुलाचे नाव, गाव, बापाचा अंगठा असतो. माणूस हयात असू शकतो. असे कागद नोंदवावेत, पण खुल्या यादीत नाव न देता, आणि वाचायला द्यायचे तर लेखी अर्जावर. स्कॅन जालावर टाकण्याच्या उत्साहाला इथे वेसण हवी.

मागणी मोठी नाही. अनुदानाच्या तपासणीत ‘नोंद झालेली पेटी’ हे एकक मान्य करावे. एका पेटीत जास्तीत जास्त दोनशे सुटे कागद, प्रत्येकाला पेन्सिलीने मागे क्रमांक, आणि यादीत सात गोष्टी: काय आहे, माप, मजकुरातील गाव, तारीख आणि तिचा आधार, छापखाना, कोणाकडून आले, अवस्था. ‘कोणाकडून आले’ हा रकाना सगळ्यात आधी भरायचा. देणारा माणूस गेला की तो कायमचा रिकामा राहतो. प्रत्येक गावच्या ग्रंथालयाने हे करायची गरज नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत प्रत्येकी एक जागा ठरवावी, बाकीच्यांनी सापडलेला कागद तिथे द्यावा आणि पोच घ्यावी. नगरपालिकांनी जुन्या फायली नष्ट करण्याआधी मैदानभाडे, करमणूक आणि यात्रा या तीन विषयांची यादी त्या ग्रंथालयाला दाखवावी.

अडचण माणसांची आहे. ग्रंथालय सेवकाच्या तुटपुंज्या मानधनात तीन दिवस टीपकागद बदलत बसा, असे सांगणे निलाजरेपणाचे होईल. दर जिल्ह्याला दोन माणसे या कामाची शिकवून, कामाच्या दिवसांचे वेगळे पैसे देऊन घ्यावी लागतील. जळगावच्या विद्यापीठाने शिकवण्याची आणि टब-जाळी-टीपकागदाच्या एका साध्या खोलीची बाजू उचलावी. ओलाव्याचे सगळे काम दिवाळी ते होळी या दिवसांत उरकावे. उन्हाळ्यात कागदाला हात लावू नये, तेव्हा फक्त स्कॅन झालेल्या प्रतींवरून वर्षे लावावीत. आणि पावसाळ्यात दर आठवड्याला खोकी उघडून बघावीत, विशेषतः कपाटाच्या खालच्या कप्प्यातली. वाळवी आणि पाणी दोन्ही तिथूनच चढतात.